पुरेसे आईबाप

नवरा: पण असं त्या संस्थेच्या मॅडम म्हणाल्या कधी?

बायको: जाताना. जिन्यात. फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "येस, द होम इज अ‍ॅडिक्वेट." मी दारातच उभी होते.

नवरा: मग हे चांगलं झालं की वाईट?

बायको: तेच कळत नाहीये.

नवरा: तुला कळत नाही? संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग तू घेतेस की मी?

बायको: म्हणून तर. इंग्रजी येत नसतं तर आत्ता मी पण तुझ्यासारखी शेंगदाणे खात बसले असते. अ‍ॅडिक्वेट म्हणजे पुरेसं.

नवरा: मग चांगलंच आहे.

बायको: पुरेसं चांगलं नसतं. पुरेसं पुरेसंच असतं. पाहुण्यांना विचारलं, जेवण कसं झालं, आणि ते म्हणाले, "पुरेसं होतं." कसं वाटेल तुला?

नवरा: त्यांचं पोट भरलं असं वाटेल.

बायको: तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. हे बघ. सगळ्यात वर आउटस्टँडिंग. त्याखाली एक्सलंट. मग व्हेरी गुड, मग गुड, मग सॅटिस्फॅक्टरी. आणि मग हे आपलं.

नवरा: आपल्याखाली काय?

बायको: आपल्याखाली नापास.

नवरा: म्हणजे आपण तळमजल्यावर आहोत.

बायको: हसू नकोस.

नवरा: हसत नाही. तळमजला पण मजलाच असतो. पण एक सांग, अ‍ॅडिक्वेट घरात मूल दत्तक देतात का?

बायको: देत असतील. आउटस्टँडिंगवाल्यांना देऊन उरलं तर.

नवरा: मुलं काय उरतात का गं अशी?

बायको: मला काय माहीत. संस्थेचा कारभार आहे तो. आणि त्या मॅडम चार मजले चढून आल्या. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याच्याच इमारतीतली लिफ्ट बंद. काय विचार केला असेल त्यांनी?

नवरा: ती लिफ्ट आमच्या कंपनीची नाही.

बायको: हे तू त्यांनाही सांगितलंस. पाणी द्यायला पाठवलं होतं तुला. ग्लास हातात धरून तू दुसऱ्या कंपनीच्या केबलबद्दल बोलत राहिलास.

नवरा: त्यांनी विचारलं, "सेफ आहे ना?"

बायको: गॅलरीबद्दल विचारत होत्या त्या!

नवरा: मग आधी गॅलरी म्हणायचं.

बायको: आणि तेही एक वेळ सोडून दिलं असतं मी. खरं वाईट त्याच्या पुढे झालं.

नवरा: अजून आहे?

बायको: त्यांनी विचारलं, "तुम्हा दोघांनाही मूल हवंय ना?" मी लगेच हो म्हटलं. तू थांबलास.

नवरा: कुठे थांबलो?

बायको: थांबलास. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. तोवर तू भिंतीकडे बघत होतास.

नवरा: शेवटी हो म्हटलं ना मी?

बायको: शेवटी! या प्रश्नाला "शेवटी" असतं का रे?

नवरा: हे बघ. बटण दाबलं की लिफ्ट लगेच हलत नाही. आधी दार लागलंय का बघते, खटका बसलाय का बघते, मग हलते. दाबल्या दाबल्या हलायला लागली, तर मी ती बंद करून बाहेर पाटी लावतो.

बायको: मी लगेच हो म्हटलं होतं.

नवरा: मला तसं म्हणायचं नव्हतं.

बायको: म्हणजे मी बिघडलेली लिफ्ट.

नवरा: तू जिना आहेस. तुला दारंच नाहीत.

बायको: हे कौतुक आहे?

नवरा: मला वाटतं, हो.

बायको: आणि काय बघत होतास एवढा वेळ? दार लागलंय का?

नवरा: त्यांच्या संस्थेतली ती मुलगी इथे आली आणि तिला मी आवडलोच नाही, तर काय करायचं, ते बघत होतो.

बायको: मग हे सांगायचंस ना त्यांना.

नवरा: सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी टोपण लावलं.

बायको: पुढच्या आठवड्यात परत येणार आहेत. तोपर्यंत मुलीची खोली रंगवायची, खिडकीला जाळी बसवायची, न्हाणीघरातला नळ गळतोय तो बदलायचा. आणि तुला बोलायला शिकवायचं.

नवरा: नळ आज बदलतो.

बायको: कात्री घे. ही शब्दांची कार्डं कापता कापता बोल. मला उद्याच्या वर्गाला लागणार आहेत.

नवरा: कसला धडा आहे?

बायको: दर्जाला उतरणं, अपेक्षा पूर्ण करणं. याला इंग्रजीत काय काय म्हणतात ते.

नवरा: मुद्दाम घेतलास?

बायको: पुस्तकात आलाय. मागच्या बाकावर एक सिक्युरिटी गार्ड बसतो ना, त्याला साहेबांनी लिहून पाठवलं, "युवर वर्क इज नॉट अप टू द मार्क." तो बिचारा गेटपाशी जाऊन मार्क कुठे आखलाय ते शोधत होता.

नवरा: सापडला?

बायको: गाड्या लावायच्या रेघा होत्या. त्या रेघांना चिकटून उभा राहिला दिवसभर. साहेब म्हणाले, आज जरा बरं आहे.

नवरा: मग कळलंच की त्याला. हे काय आहे? अप टू स्क्रॅच. म्हणजे ओरखडा पडेपर्यंत?

बायको: नाही रे. पूर्वी जमिनीवर रेघ ओढायचे, शर्यतीला. त्या रेघेपाशी जो येऊन उभा राहील तो लायक.

नवरा: पळायच्या आधीच?

बायको: पळायच्या आधीच.

नवरा: हे बरं आहे. आणि पास मस्टर? मस्टर तर हजेरीचं असतं. सकाळी आम्ही सही करतो ते.

बायको: तेच. हजेरीला उभं करून तपासायचे, त्यातून पास झाला तो.

नवरा: आणि हे? कट द मस्टर्ड. मोहरी कापायची?

बायको: म्हणजे काम जमणं.

नवरा: मोहरी कशी कापणार? एवढीशी असते.

बायको: मला नको विचारूस. मी नाही बनवली ही भाषा.

नवरा: ज्यानं कुणी बनवली त्याला नेहमी कुणीतरी तपासत होतं बहुतेक. रेघेपाशी उभं राहा, हजेरीला उभं राहा, मोहरी काप. मराठीत एवढं नाही. मराठीत "चालेल" म्हटलं की संपलं.

बायको: लग्नाआधी आईनं मला विचारलं होतं, मुलगा कसा आहे. मी म्हटलं, चालेल.

नवरा: फक्त चालेल?

बायको: तेव्हा मी इंग्रजी शिकवत नव्हते. पुढचं कार्ड घे. ते बिलो पार. म्हणजे ठरलेल्या पातळीच्या खाली—

नवरा: ते येतं मला.

बायको: तुला? कुठून?

नवरा: डॉक्टर म्हणाले होते ना. मूल होत नव्हतं तेव्हा, माझा रिपोर्ट बघून. "अ लिटल बिलो पार." मी घरी येऊन तुला विचारलं होतं, लिटल आहे ना, मग काय हरकत आहे. तू म्हणालीस, काही हरकत नाही. आणि मग नळ सोडून भांडी घासत बसलीस. घासलेलीच होती ती.

बायको: ते कार्ड राहू दे. नाही शिकवत मी ते.

नवरा: शिकव की. उपयोगी पडतं. नीट कापलंय का बघ, हा कोपरा.

बायको: कोपरा तिरका आहे.

नवरा: बघ. देतेस ना मार्क.

बायको: मी कुठे मार्क दिले?

नवरा: दिवसभर देतेस. चहा केला की "आज बरा झालाय". शर्टाची घडी घातली की "अजून एकदा कर". फोनवर बोललो की "मोठ्यानं बोल जरा". मला सवय आहे गं. मी रोज नापास होतो आणि रोज परत वर्गात येऊन बसतो. मला काही वाटत नाही.

बायको: मग आत्ता का सांगतोयस?

नवरा: ती मुलगी सात वर्षांची आहे. तिला सवय नसेल. नळाचा वॉशर आणायला जातो. दुकान बंद व्हायच्या आत.

*

मॅडम: आज लिफ्ट चालू आहे.

बायको: हो. ह्यांनीच लक्ष घातलं.

नवरा: मी काही केलं नाही, मॅडम. त्या कंपनीचा माणूस आला होता. मी नुसता त्याच्या मागे उभा होतो.

मॅडम: मदतीला?

नवरा: नाही. त्यानं लवकर करावं म्हणून.

बायको: अहो, मॅडमना खोली दाखवा ना.

नवरा: हो. या. तुम्ही आलात की मी "अहो" होतो, मॅडम. एरवी मी "अरे" आहे.

मॅडम: चालतं. निम्म्या घरांत असंच असतं. ही भिंत आत्ताच रंगवली?

बायको: फिकट पिवळा दिलाय. मुलांना उजेडाचा रंग आवडतो, असं वाचलं होतं.

मॅडम: वास येतोय अजून.

बायको: दिवसभर खिडकी उघडी ठेवते.

मॅडम: खिडकीला जाळी?

नवरा: हलवून बघा. जोरात. लटकलात तरी चालेल.

मॅडम: नको. विश्वास आहे. न्हाणीघरातला नळ?

नवरा: बदलला. पण तुम्हाला कसं कळलं तो गळत होता?

मॅडम: मागच्या वेळी हात धुतले होते ना. बरं, बसू या का? टीचर, तुम्ही काहीतरी बोलायचं ठरवलेलं दिसतंय.

बायको: हो. म्हणजे तयारी अशी नाही. वी आर फुल्ली कमिटेड टू प्रोव्हायडिंग अ सेफ अँड नर्चरिंग—

मॅडम: टीचर, मराठीत बोला. मला ऑफिसात गेल्यावर सगळं इंग्रजीत लिहावं लागतं. निदान ऐकावं तरी लागू नये.

बायको: मराठीत मी काही पाठ केलं नाहीये.

मॅडम: बरंच झालं.

बायको: मग मी आधी एक विचारते. राग मानू नका. मागच्या वेळी जाताना तुम्ही फोनवर म्हणालात, घर अ‍ॅडिक्वेट आहे. मला आठवडाभर झोप नाही. अ‍ॅडिक्वेट म्हणजे नक्की कुठे? सॅटिस्फॅक्टरीच्या जवळ की अगदीच काठावर?

मॅडम: कसलं सॅटिस्फॅक्टरी?

बायको: म्हणजे वरच्या पायऱ्या असतील ना. गुड, एक्सलंट.

मॅडम: आमच्याकडे दोनच शब्द आहेत. अ‍ॅडिक्वेट आणि नॉट अ‍ॅडिक्वेट.

बायको: वर काही नाही?

मॅडम: वर काही नाही.

नवरा: म्हणजे आपण सगळ्यात वरच्या मजल्यावर आहोत.

बायको: अहो!

मॅडम: एक्सलंट घरं मी पाहिली आहेत, टीचर. माझ्या मनात मी त्यांना एक्सलंट म्हटलं होतं. खेळण्यांची वेगळी खोली, भिंतीवर चित्रं, पायाखाली जाड गालिचे. हे तुम्हाला सांगणं भाग आहे, म्हणून सांगते. ही मुलगी अशाच एका घरात गेली होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला गेली आणि थंडी पडायच्या आत परत आली.

बायको: परत म्हणजे?

मॅडम: आणून सोडली त्यांनी. कपडे इस्त्री करून, बॅगेत नीट भरून. त्या घरच्या साहेबांनी इंग्रजीत सांगितलं. "शी इज अ स्वीट चाइल्ड. बट शी डिडन्ट मेजर अप टू व्हॉट वी हॅड होप्ड." मुलगी दाराबाहेर बाकावर बसली होती. दार उघडं होतं.

नवरा: काय म्हणाले ते?

बायको: त्यांच्या अपेक्षेला उतरली नाही, असं म्हणाले.

नवरा: काय अपेक्षा होती?

मॅडम: ते मीही विचारलं. त्यांना नीट सांगता आलं नाही. जेवताना बोलत नाही, म्हणाले. मिठी मारली तर लाकडासारखी उभी राहते. वस्तू पाडते. मुद्दाम.

नवरा: एवढंच?

मॅडम: एवढंच. आता मला तुम्हाला तेच विचारायचंय. तुमच्या काय अपेक्षा आहेत?

बायको: ह्यांना आधी विचारा. मागच्या वेळी मी आधी बोलले होते.

नवरा: माझ्या?

मॅडम: थांबा हवं तेवढं. पेनाला आज टोपणच आणलेलं नाही.

नवरा: तिनं जेवावं. बोलली नाही तरी चालेल, मीही जेवताना फारसा बोलत नाही. लिफ्टला घाबरत नसली तर बरं. घाबरत असली तर जिना आहे, मी बरोबर चढेन. आणि... नाही, संपलं.

मॅडम: आणि काय?

नवरा: मी तिला आवडलो नाही, तर तिनं तसं सांगावं. म्हणजे मला अंदाज करत बसावं लागणार नाही.

मॅडम: टीचर?

बायको: मला भीती वाटते.

मॅडम: कसली?

बायको: मी तिला मार्क देत बसेन, याची. माझी सवयच आहे ती. ह्यांना देते. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांना देते, कुणी बोलायला लागलं की त्याचं व्याकरण तपासते. तुम्ही मगाशी खोलीत आलात तेव्हा तुम्ही आम्हाला तपासत होतात आणि मी तुम्हाला.

मॅडम: किती दिले?

बायको: सांगणं बरं दिसणार नाही.

नवरा: चांगले दिले असणार, मॅडम. नाहीतर तिच्या चेहऱ्यावर कळतं.

बायको: हे सांगायला नको होतं मी. आता तुम्ही नॉट अ‍ॅडिक्वेट लिहाल.

मॅडम: टीचर, या कामात मला आजवर सगळ्यांनी सांगितलंय की आम्ही तिच्यावर भरपूर प्रेम करू. एक्सलंटवाल्यांनी तर लिहूनच दिलं होतं. भीती वाटते असं म्हणणारे थोडे. ते थोडे लोक मुलं परत आणून सोडत नाहीत, एवढंच मला माहीत आहे. का, ते विचारू नका.

नवरा: मग?

मॅडम: मग शनिवारी घेऊन येते. आधी दोन दिवस. सोमवारी सकाळी मी येईन. त्यानंतर बघू.

बायको: शनिवारी? या शनिवारी?

मॅडम: तोवर रंगाचा वास जाईल.

नवरा: मॅडम, लिफ्टनं जाणार की जिन्यानं?

मॅडम: लिफ्टनं. तुम्ही मागे उभे होतात ना.

*

(शनिवारची दुपार. मॅडम मुलीला सोडून कधीच्याच गेल्या आहेत. बायको गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढतेय. तेच टॉवेल तिनं पुन्हा झटकले, पुन्हा त्यांच्या घड्या केल्या, पण आत यायचं धाडस काही तिला होत नाही. आत जेवणाच्या टेबलापाशी नवरा आणि मुलगी. जमिनीवर एका कपाचे तुकडे.)

मुलगी: काका, फुटला.

नवरा: हो. दिसतोय.

मुलगी: मी मुद्दाम पाडला.

नवरा: कळलं मला.

मुलगी: कसं कळलं?

नवरा: हातातून निसटला की माणूस कपाकडे बघतं. तू माझ्याकडे बघत होतीस.

मुलगी: आता तुम्ही काय करणार?

नवरा: झाडू आणणार. तू चप्पल घाल आधी. नको, हलूच नकोस. मी आणून देतो. कुठली तुझी? निळी?

मुलगी: निळी. तिकडे मी पाडला तेव्हा त्या मम्मी रडल्या होत्या.

नवरा: का?

मुलगी: त्यांचा सेट होता. एक गेला की सगळा सेट खराब होतो, म्हणाल्या.

नवरा: आमचा सेट नाही. हा एक वेगळा, तो एक वेगळा. त्या निळ्याला तर कानच नाही. पाय उचल. दुसरा. हां.

मुलगी: तुम्ही रागावत नाही?

नवरा: मला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत कदाचित येईल राग.

मुलगी: मग टीचर रागावतील?

नवरा: तिला लगेच येतो. थांब, बोलावतो. अगं, आत ये. कप फुटलाय.

बायको: कुणाला लागलं का?

मुलगी: नाही. मी मुद्दाम पाडला.

बायको: मुद्दाम.

मुलगी: हो.

बायको: बरं. मग मी आता थोडी रागावणार आहे.

मुलगी: किती?

बायको: एका कपाइतकी. त्याहून जास्त नाही.

मुलगी: रागावा मग.

बायको: कप मुद्दाम फोडायचा नाही. तुकडा पायात गेला असता. राग आला, भीती वाटली, कंटाळा आला, तर तोंडानं सांगायचं. फोडायचंच असेल काही, तर काकांना विचार, ते कामावरून जुनी खोकी आणतात, ती फोड.

मुलगी: झालं?

बायको: झालं.

मुलगी: मला वाटलं अजून आहे.

बायको: मलाही वाटलं होतं. पण संपलं.

नवरा: हिचं एवढ्यात संपलेलं मी पहिल्यांदाच बघतोय.

बायको: तू झाड आधी. त्या टेबलाखाली बघ, तिथे पण एक... नाही. असू दे. तुझ्या पद्धतीनं झाड.

मुलगी: टीचर, तुम्ही इंग्रजी शिकवता ना?

बायको: हो. मोठ्या माणसांना. का? तुला म्हणून दाखवायचंय का काही?

मुलगी: नाही. तिकडे रोज म्हणायला लागायचं. पाहुणे आले की.

बायको: मग राहू दे. इथे पाहुणेही फारसे येत नाहीत.

मुलगी: मला एक विचारायचंय. डिडन्ट मेजर अप म्हणजे काय?

बायको: कुठे ऐकलंस?

मुलगी: बाकावर. दार उघडं होतं. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, मोठी झाल्यावर कळेल. मी शाळेत एका ताईला विचारलं, ती म्हणाली, टेपनं मोजणं. पण मला कुणी टेप लावली नव्हती.

बायको: तो शब्द चुकला त्यांचा.

मुलगी: चुकला?

बायको: माणसांसाठी वापरत नाहीत तो.

नवरा: वापरतात.

बायको: अरे, काय तू?

नवरा: वापरतात गं. तिला खोटं कशाला सांगायचं? तूच शिकवलास मला, कार्डावर होता. वापरतात, पण वापरायला नको, असं सांग.

बायको: बरं. वापरतात. काही लोक आधीच मनात एक मुलगी ठरवून ठेवतात. अशी बोलेल, अशी हसेल, असे केस असतील. मग खरी मुलगी येते. ती वेगळीच असते. मग ते खरीला सांगतात, तू त्या दुसरीसारखी नाहीस. त्याला ते मेजर अप म्हणाले.

मुलगी: ती दुसरी कोण होती?

बायको: कुणीच नव्हती. मनातली होती.

मुलगी: मग ती त्यांच्याकडे कशी येणार?

बायको: नाहीच येणार.

मुलगी: मग अजून वाट बघत असतील ते.

नवरा: असतील.

मुलगी: त्यांची गाडी खूप मोठी होती. तुमची कुठली आहे?

नवरा: आमची नाही. कंपनीची एक स्कूटर आहे, तिला पण सकाळी ढकलावं लागतं.

मुलगी: आणि तुम्ही पण ठरवून ठेवली आहे का मनातली मुलगी?

नवरा: खरं सांग हं तिला.

बायको: ठेवली होती. बरीच वर्षं होती. आमच्याच पोटी येणार होती ती. तिचं नाव पण ठेवलं होतं. मग ती नाही आली.

मुलगी: तुम्ही रडलात?

बायको: भांडी घासली.

मुलगी: आणि आता?

बायको: आता ती नाहीये. तू आहेस. तुझं मला अजून काहीच माहीत नाही. तुला आमटी आवडते की नाही, एवढंसुद्धा माहीत नाही.

मुलगी: नाही आवडत.

बायको: हे बघ, एक कळलं.

मुलगी: सोमवारी मॅडम येतील तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगणार? कप फोडला म्हणून सांगणार?

नवरा: सांगायला लागेल. त्या कप मोजतील असं नाही, पण त्यांना कळतं. नळाचं पण कळलं होतं.

मुलगी: मग त्या मला घेऊन जातील.

बायको: तुला घेऊन जा, असं आम्ही म्हणणार नाही. आणि सोमवारी फक्त आम्हालाच विचारणार नाहीत. तुला पण विचारणार आहेत.

मुलगी: मला? काय?

बायको: आम्ही कसे आहोत ते.

मुलगी: मला कधीच नाही विचारलं कुणी.

बायको: या वेळी विचारणार आहेत. मॅडमनी मला जाताना सांगितलं. तू नाही म्हणालीस, तर नाही.

मुलगी: खरंच नाही म्हटलं तर?

नवरा: तर आम्हाला वाईट वाटेल. पण ते आमचं आम्ही बघू. तू खरं तेच सांग.

मुलगी: पण मी तर अजून काही बघितलंच नाही. ही खोली आणि ती पिवळी. बस.

नवरा: मग चल, दाखवतो. स्वयंपाकघर, गॅलरी, न्हाणीघर. फार मोठं नाही.

मुलगी: नको. तुम्ही दोघं इथेच बसा. मी एकटीच बघून येते.